माणसे द्या आणि मिनिटे मोजा : प्रसार भारती मंडळाला कोकण किनाऱ्यावरून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
प्रसार भारती मंडळ, नवी दिल्ली

विषय : किनारी भागातल्या आकाशवाणीचा निधी आणि तिच्या बातम्यांवरचा अविश्वास

महोदय,

सार्वजनिक रेडिओबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, हा सरकारी भोंगा आहे, सत्तेवर जो असेल त्याचीच बाजू सांगतो. दुसरी, आता रेडिओ ऐकतो कोण, एवढा पैसा कशाला घालवायचा. दिल्लीत या दोन तक्रारींची उत्तरे दोन वेगळ्या टेबलांवर लिहिली जातात. पहिलीला वृत्तविभाग उत्तर देतो, दुसरीला वित्तविभाग. प्रक्षेपकाच्या खोलीत, माईकसमोर आणि सेटला कान लावून ज्यांची वर्षे गेली ते आम्ही, या दोन तक्रारी एकच आहेत असे सांगायला हे पत्र लिहीत आहोत. जिथे बातमी आणायला माणूस नाही तिथे बातमी आधी कलते. आणि बातमी कलली की त्या केंद्रासाठी भांडायला गावात कोणी उरत नाही.

‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आकाशवाणीला सहज चिकटवली जाते. तिला उत्तर देण्यासाठीच १९९० चा प्रसार भारती कायदा झाला आणि १९९७ मध्ये तो अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमात उद्दिष्ट स्वच्छ लिहिले आहे. सार्वजनिक महत्त्वाच्या सर्व बाबींची मोकळी, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकाचा हक्क जपायचा, परस्परविरोधी मतेही द्यायची आणि स्वतः कुठल्याही मताची किंवा विचारसरणीची भलामण करायची नाही. त्याआधी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. तो मुख्य निकाल न्या. पी. बी. सावंत यांचा.

सरकारचा हात मधे येऊ शकतो, हेही कायदा लपवत नाही. कलम २३ प्रमाणे देशाची सुरक्षा, एकात्मता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार एखादी गोष्ट प्रसारित करा किंवा करू नका असा निर्देश देऊ शकते. पण त्याच कलमात असेही आहे की हे प्रसारण निर्देशानुसार होत आहे, हे प्रसार भारती महामंडळाला वाटल्यास जाहीर करता येते आणि अशा प्रत्येक निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. म्हणजे दबाव आला तर तो उजेडात आणण्याची सोय आपल्या हातात आहे. ती वापरा, एवढेच या मुद्द्यावर आमचे म्हणणे. बाकीचे पत्र दबावाबद्दल नाही. लेखी निर्देश किनाऱ्यावरच्या रोजच्या बातम्यांपर्यंत क्वचितच येतो. तिथे बातमी वेगळ्याच कारणाने कलते.

ते कारण समजण्यासाठी एका बातमीपत्राचा हिशेब पाहा. सकाळी सात वाजून पाच मिनिटांचे प्रादेशिक बातमीपत्र दहा मिनिटांचे, म्हणजे ६०० सेकंदांचे. निवेदन, सुरुवातीची आणि शेवटची शीर्षके वजा केली की सव्वापाचशे सेकंद उरतात. त्यात अठरा-वीस बातम्या बसवायच्या, म्हणजे एका बातमीला २७ सेकंद. मराठी वृत्तनिवेदक मिनिटाला ११० ते १२० शब्द वाचतो. २७ सेकंदांत जेमतेम पन्नास शब्द होतात. या पन्नास शब्दांत कोण बोलले आणि कोणाचे राहून गेले, यावर लोकांचा विश्वास ठरतो.

आता ते पन्नास शब्द येतात कुठून? जिल्ह्यात आकाशवाणीचा अर्धवेळ वार्ताहर असतो. तो मानधनावर असतो, पोटापाण्याचा व्यवसाय बहुधा दुसरा. मंडणगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. मधे खाड्या, जेट्ट्या, घाटातली वळणे. साखरी नाट्याच्या बंदरात काही घडले तर रत्नागिरीहून जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो आणि पेट्रोलचे पैसे खिशातून जातात. उलट, शासकीय कार्यालयाचे प्रसिद्धिपत्रक संध्याकाळी मोबाइलवर आयते येते. टाइप केलेले, नावे-हुद्दे तपासलेले, पन्नास शब्दांत कापायला सोपे. वार्ताहराने काय पाठवावे अशी आपली अपेक्षा आहे? त्याला कोणी दम दिलेला नसतो. त्याच्याकडे दुसरी बाजू आणायला वेळ आणि पैसा नसतो, इतकेच. ऐकणाऱ्याला मात्र तो पक्षपात वाटतो, आणि त्याच्या जागी बसून पाहिले तर तो पक्षपातच आहे.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. पर्ससीन (यांत्रिक बोटींवरून मोठ्या वेढा जाळ्याने होणारी) आणि पारंपरिक मासेमारी यांचा तंटा या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे चालू आहे. फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच चार महिने दिले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रापणकर (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार) आणि पर्ससीनवाले दोघेही आपल्यावरच अन्याय होतो असे म्हणतात. समजा, गस्तीत दोन नौका पकडल्या. पत्रकावरून केलेली बातमी अशी होते (हे नमुने आम्ही तयार केलेले आहेत) :

‘अवैध मासेमारी करणाऱ्या दोन पर्ससीन नौकांवर मत्स्य विभागाच्या गस्ती पथकाने काल धडक कारवाई केली. नौका बंदरात आणण्यात आल्या असून पुढील कार्यवाही सुरू असल्याचे विभागाने कळवले आहे.’

यातले एकही विधान खोटे नसेल. तरी बातमी एका बाजूने आहे. ‘अवैध’ हा निकाल लागेपर्यंत विभागाचा आरोप असतो. बातमीने तो स्वतःच्या तोंडी घेतला. ‘धडक’ हा शब्द पत्रकातल्या कौतुकाचा आहे, त्यातून माहिती काहीच मिळत नाही. कर्ता एकच, विभाग. आता हीच बातमी दोन फोन करून लिहिली तर :

‘परवान्याच्या अटी मोडल्याच्या आरोपावरून मत्स्य विभागाने काल दोन पर्ससीन नौका बंदरात आणल्या. आपण राज्याच्या सागरी हद्दीबाहेर मासेमारी करत होतो, असे नौकामालकांचे म्हणणे आहे. कारवाईला उशीर झाला, तोवर रापणीची जाळी रिकामी आली होती, असे रापणकरांनी सांगितले.’

हीही पन्नास शब्दांच्या आतच आहे. दुसरी आणि तिसरी बाजू मिळून दहा-बारा सेकंद लागतात. या तंट्यात राजकीय पक्ष कुठेच नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. पक्षपात म्हटले की सत्ताधारी आणि विरोधक यांची मिनिटे मोजायची, ही सवय दिल्लीची. किनाऱ्यावर मच्छीमार, बागायतदार, प्रकल्पवाले, प्रकल्पाला विरोध करणारे आणि शासनाचे खाते अशा बाजू असतात. बारसूच्या माळावर एप्रिल २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून जे घडले त्याची बातमी देताना ‘अडथळा आणला’ लिहायचे की ‘विरोध केला’, हे एक क्रियापद ठरवते की राजापूर तालुक्यातले निम्मे लोक उद्या तुमचे बातमीपत्र लावतील की नाही.

आणि लोकांना रेडिओवर दुसरा पर्याय नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या तयार करून देता येत नाहीत. त्यांना आणि सामुदायिक रेडिओला आकाशवाणीच्याच बातम्या, जशाच्या तशा, देण्याची मुभा आहे. रेडिओवरची बातमी ही या देशात अजूनही एकाच घराची मिरास आहे. मिरास असेल तर जबाबदारीही तेवढीच.

आमची पहिली मागणी माणसांची. रत्नागिरीचे मंडणगड, दापोली, गुहागर, रत्नागिरी, राजापूर आणि सिंधुदुर्गाचे देवगड, मालवण, वेंगुर्ले, असे किनाऱ्यावरचे आठ तालुके. प्रत्येकी एक वार्ताहर, महिना १५ हजार मानधन आणि ४ हजार प्रवासखर्च. वर्षाला १८ लाख २४ हजार रुपये होतात. हा आकडा मोठा वाटत असेल तर दुसरा शेजारी ठेवा. २० किलोवॅटचा मीडियम वेव्ह प्रक्षेपक थंडाव्याच्या यंत्रणेसह तासाला ३० ते ३५ युनिट वीज घेतो. दिवसाला सतरा तास चालला तर ५००-६०० युनिट, वर्षाला दोन लाखांच्या घरात. युनिटला दहा रुपये धरले तर वीस लाख रुपये. म्हणजे एका प्रक्षेपकाच्या वीजबिलापेक्षा कमी पैशात आठ तालुक्यांतून दुसरी बाजू येऊ शकते. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेली ‘बाइंड’ ही प्रसारण यंत्रणेच्या विकासाची योजना २,५३९.६१ कोटींची आहे. एफएमची व्याप्ती लोकसंख्येच्या ६८ वरून ८० टक्क्यांवर न्यायची, हे तिचे एक लक्ष्य. यंत्रांसाठी ती हवीच होती, तिला आमचा विरोध नाही. पण प्रक्षेपक बसवणे हा भांडवली खर्च, एकदाच लागतो. त्या प्रक्षेपकावरून काय बोलायचे यासाठी लागणारा माणूस दर महिन्याचा खर्च मागतो, आणि कात्री नेहमी तिथेच लागते. नैमित्तिक उद्घोषकाला महिन्याला सहाच ड्युट्या मिळतात. सहा ड्युट्यांवर कोणाचे घर चालते? मग ज्याला मालवणी बोलता येते, ज्याला बंदरातले लोक नावाने ओळखतात, तो माणूस निघून जातो.

दुसरी मागणी मोजण्याची. ‘आम्ही निःपक्षपाती आहोत’ हे सांगून कोणी मानत नाही, आणि ‘तुम्ही विकले गेलात’ असे ओरडूनही काही सिद्ध होत नाही. मोजता येते. लागते काय, तर एक वही, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि बातमीपत्राचे ध्वनिमुद्रण. प्रत्येक बातमीला एक ओळ : अनुक्रम, सेकंद, विषय, वाक्याचा कर्ता कोण, दुसरी बाजू आली का, माहिती कुणी दिली ते सांगितले का. दोघांनी एकमेकांना न दाखवता तेच बातमीपत्र नोंदवायचे आणि मग जुळवायचे. दहातल्या आठ नोंदीही जुळल्या नाहीत तर रकान्यांची व्याख्या ढिली आहे असे समजून ती आधी घट्ट करायची. एका दिवसावरून किंवा एका आठवड्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. अधिवेशन चालू असेल तर मंत्री जास्त बोलतात, पूर आला तर जिल्हाधिकारी. सलग चार आठवडे तरी हवेत, आणि अधिवेशनाचे दिवस वेगळे काढून.

या वहीतही एक गोष्ट सुटते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे : जी बातमी आलीच नाही ती. तिच्यासाठी त्याच तारखेची स्थानिक वर्तमानपत्रे शेजारी घ्यावी लागतात. दोन-तीन पत्रांनी पहिल्या पानावर घेतलेली जिल्ह्याची बातमी आकाशवाणीवर आली का, आली तर किती दिवसांनी? हा रकाना भरायला कंटाळवाणा आहे, पण खोट तिथेच सापडते. कारण पत्रकावरून चाललेल्या बातमीपत्रात खोटे फारसे नसते, गाळलेले बरेच असते.

हे आकडे दर महिन्याला केंद्राच्या संकेतस्थळावर टाका. चांगले दिसोत की वाईट. निवडणुकीत हे तुम्ही करताच. १९९८ पासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ मिळते. मूळ वेळ सर्वांना समान, वाढीव वेळ मागच्या निवडणुकीतल्या मतांवर आणि क्रम सोडतीने. त्या वेळेवरून कधी मोठे भांडण होत नाही, कारण मिनिटे सर्वांसमोर ठरतात.

तक्रारीचेही तसेच. कायद्याच्या कलम १४ आणि १५ मध्ये प्रसारण परिषद आहे. आपल्यावर अन्याय झाला, आपले म्हणणे विपर्यस्त केले, वस्तुनिष्ठता नव्हती, अशी तक्रार कोणाही नागरिकाला तिच्याकडे नेता यावी, अशी ती रचना. कलम १३ मध्ये लोकसभेच्या १५ आणि राज्यसभेच्या ७ अशा २२ खासदारांची समिती सांगितली आहे. या दोन्ही गोष्टी कागदावरून कामात याव्यात. तोवर निदान केंद्रपातळीवर एवढे करा : तक्रार आल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर, आणि चूक निघाली तर दुरुस्ती त्याच वेळेच्या बातमीपत्रात. सकाळच्या बातमीची दुरुस्ती रात्री अकराला वाचून उपयोग नाही.

आता प्रक्षेपणाकडे. पक्षपाताच्या पत्रात याचे काय काम असे वाटेल, पण ‘ऐकतो कोण’ याचे उत्तर इथे आहे. रत्नागिरी केंद्र आम्ही मीडियम वेव्हवर ११४३ किलोहर्ट्झला ऐकत आलो. मीडियम वेव्हची लहर जमिनीला चिकटून जाते आणि खाऱ्या पाण्यावरून फार कमी झिजते. समुद्राचे पाणी कोरड्या जांभ्यापेक्षा हजारपटीहून जास्त विद्युतवाहक असते. म्हणून जो आवाज सह्याद्रीच्या पायथ्याशी खरखरतो तो खोल वावात उभ्या असलेल्या बोटीवर स्वच्छ लागतो. गेल्या काही वर्षांत देशभर मीडियम वेव्ह आवरते घेऊन एफएमकडे जाणे चालू आहे. एफएमचा आवाज गोड, वीज कमी, सुटे भाग मिळतात, सगळे खरे. पण एफएम सरळ रेषेत जाते. ढोबळ हिशेब असा : अँटेनाच्या उंचीचे मीटरमधले वर्गमूळ गुणिले ४.१, म्हणजे क्षितिज किती किलोमीटरवर ते कळते. बोटीवरच्या सेटची उंची दोन मीटर धरून दोन्ही अंतरे मिळवा. समुद्रसपाटीवर ३० मीटरचा मनोरा असेल तर २८ किलोमीटर, म्हणजे १५ सागरी मैल. बोटी त्याच्या पलीकडे जातात. तोच मनोरा २०० मीटर उंचीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) नेला तर ६८ किलोमीटर, ३७ सागरी मैल. अर्थात उंचीबरोबर शक्तीही हवी. १०० वॅटमध्ये एवढ्या अंतरावर खिशातल्या सेटला काही लागत नाही. आणि सड्याच्या पलीकडे, खाडीच्या काठाने वसलेल्या वाड्या एफएमच्या सावलीत राहतात ते वेगळेच.

म्हणून कोकणात मीडियम वेव्ह बंद करण्याचा कुठलाही निर्णय टेबलावरच्या नकाशावरून घेऊ नका. आधी बोटीवर सेट ठेवून ५, १२, २० आणि ३० सागरी मैलांवर सिग्नल मोजा.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान आले तेव्हा बोटी समुद्रात होत्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे वीज कित्येक दिवस नव्हती. मोबाइलचे मनोरे बॅटरी असेपर्यंत चालले आणि मग गप्प झाले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले तेव्हाही तेच. अशा वेळी दोन सेलवर चालणारा सेट हेच घरातले एकमेव चालू यंत्र असते. पण त्यावर काहीतरी ऐकू यायला हवे! २० किलोवॅटच्या केंद्राला ७२ तास जनरेटरवर चालवायचे तर तासाला दहा-अकरा लिटर, म्हणजे आठशे लिटर डिझेल साठ्यात लागते. १०० वॅटच्या सहक्षेपण केंद्राला छोटा जनसेट आणि दोनशे लिटरचे एक पिंप पुरून उरते. पैशाची अडचण इथे नाहीच. अडचण अशी की सहक्षेपण केंद्र माणसाविना चालते. ते उपग्रहावरून आलेला कार्यक्रम पुढे ढकलते. वाऱ्याने डिश दोन अंश फिरली की मुके होते, आणि चालू राहिले तरी हर्णैच्या बंदराला द्यायचा इशारा त्यावर मधे घालायची सोय नसते. प्रत्येक सहक्षेपकावर फोनवरून आवाज आत घेणारी जोडणी आणि तालुक्यातल्या दोन प्रशिक्षित माणसांकडे तिचा संकेतांक, एवढे पुरे आहे. खाऱ्या हवेत अँटेनाच्या केबलचे सांधे आधी जातात. सांध्यात पाणी शिरले की ऊर्जा उलटी फिरते आणि प्रक्षेपक स्वतःला वाचवायला शक्ती निम्म्यावर आणतो. दर वर्षी मेमध्ये सांधे उघडून, पुसून, ग्रीस लावून, रबरी पट्टीने पुन्हा बंद करायचे. मनोऱ्याच्या ताणाच्या तारा तेव्हाच तपासायच्या. हे काम पुढे ढकलले की जुलैत ऐकू येत नाही, आणि ‘ऐकतो कोण’ म्हणणाऱ्याला पुरावा मिळतो.

पक्षपाताच्या रागातून निधी कापला की तो कुठे लागतो, हे नुकतेच अमेरिकेत दिसले. जुलै २०२५ मध्ये तिथल्या काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या निधी-महामंडळाने पाठोपाठ गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतल्या केंद्रांना देणगीदार असतात, अनेक लहान केंद्रांचा मोठा आधार तोच निधी होता. सिनेटमध्ये हे मतदान चालू होते त्याच सुमारास अलास्काच्या किनाऱ्याजवळ ७.३ क्षमतेचा भूकंप होऊन त्सुनामीचा इशारा निघाला. राग राजधानीतल्या वार्तांकनावरचा, फटका किनाऱ्यावरच्या मनोऱ्याला. आपल्याकडेही ‘गोदी’ किंवा ‘देशविरोधी’ म्हणत माध्यमांवर जो राग काढला जातो, त्याचे बिल सावंतवाडी-दापोलीला येऊ नये.

तिसरी मागणी म्हणून निधीच्या रीतीबद्दल. आजचे अनुदान कायद्याच्या १७ व्या कलमाखाली, संसदेच्या मंजुरीने, दर वर्षी येते. दर वर्षी मागणारा माणूस दर वर्षी वाकतो. जर्मनीत घरटी महिना १८.३६ युरो वर्गणी आहे आणि प्रसारकांना किती पैसा लागेल हे एक स्वतंत्र आयोग आकडेवार तपासून सांगतो. आपल्याकडे पुन्हा पोस्टात जाऊन रेडिओचे लायसन काढा असे आम्ही म्हणत नाही, ती पद्धत गेली ती गेली. पण तीन वर्षांची रक्कम एकदम ठरवावी, ती ठरवताना मंत्रालयाबाहेरच्या माणसांनी हिशेब तपासावा, आणि डीडी फ्री डिशच्या जागांच्या लिलावातून येणाऱ्या पैशाचा ठरलेला हिस्सा जिल्हा केंद्रांच्या बातम्यांना नावानिशी बांधून द्यावा. नावानिशी म्हणजे त्यातून रंगरंगोटी आणि पाहुण्यांच्या गाड्या होणार नाहीत.

मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. सांधे, तारा, डिझेल आणि फोनची जोडणी १५ मेपर्यंत व्हावी. बोटीवरची मोजणी १ ऑगस्टनंतर, बोटी बाहेर पडतील तेव्हा करता येईल. त्यासाठी सेट, माणसे आणि बोटीवरची जागा आम्ही देऊ. बातमीपत्राच्या नोंदवहीचे रकाने आखून ठेवले आहेत. आपल्या वृत्तविभागातला एक माणूस दुसरा नोंदकर्ता म्हणून द्या, चार आठवड्यांत पहिला तक्ता तयार होईल. तो आधी आपल्याला दाखवू आणि नंतर, जसाच्या तसा, प्रसिद्ध करू.

आपले,
कोकण किनाऱ्यावरील काही नियमित श्रोते, निवृत्त प्रसारण तंत्रज्ञ आणि माजी नैमित्तिक उद्घोषक